पाच वॅटची रीत



गेल्या बैठकीत एका ताईंनी आम्हाला विचारलं, "ऐन दिवाळीच्या दिवसांत तुम्ही चौघी ते खरखरणारं यंत्र लावून कुणाशी बोलत बसता?" आज त्याचंच उत्तर देतो.

२०१९च्या महापुरात कृष्णा-पंचगंगेच्या काठी गावंच्या गावं पाण्यात होती आणि कित्येक ठिकाणी मोबाइल बंद होते. माणूस सुखरूप आहे एवढा निरोपसुद्धा जात नव्हता. त्यानंतर आम्ही चौघी समन्वयकांनी हौशी रेडिओ, म्हणजे हॅम रेडिओ शिकायचं ठरवलं. केंद्र सरकारची परीक्षा दिली, परवाना काढला. प्रत्येकीला स्वतःची कॉल साइन मिळाली. हवेतलं आपलं नाव म्हणा ना!

पण यंत्र कपाटात ठेवून सराव होत नाही. सरावासाठी स्पर्धा असतात. सर्वांत मोठ्या स्पर्धांपैकी एक म्हणजे सीक्यू वर्ल्डवाइड. बोलण्याची स्पर्धा ऑक्टोबरच्या शेवटच्या पूर्ण शनिवार-रविवारी होते. आपल्या घड्याळाप्रमाणे शनिवारी पहाटे साडेपाच ते सोमवारी पहाटे साडेपाच, असे ४८ तास. जगभरातल्या जास्तीत जास्त केंद्रांशी संपर्क करायचा, एकमेकांची कॉल साइन आणि विभागाचा आकडा अचूक लिहायचा. भारताचा विभाग २२, जपानचा २५.

यात शक्तीप्रमाणे गट असतात. मोठ्या शक्तीचा, १०० वॅटपर्यंतचा, आणि सर्वांत लहान ५ वॅटचा. या लहान गटाला क्यूआरपी म्हणतात. पाच वॅट म्हणजे किती? घरातला एलईडी दिवा ९ वॅटचा असतो. तुम्ही आत्ता ऐकताय त्या सामुदायिक केंद्राला १०० वॅटपर्यंत परवानगी असते, तरी त्याचा आवाज आसपासच्या गावांपुरताच. लघुलहरी मात्र वर आयनांबरावरून परावर्तित होतात, म्हणून दिव्याहून कमी शक्तीवर जपानपर्यंत पोचता येतं. शंभर वॅटच्या मानानं शक्ती वीस पट कमी, पण समोरच्याच्या मापकावर आपला काटा साधारण दोनच घरं खाली असतो.

मात्र ही दोन घरं फार असतात. तिथं गर्दी असते एसटी स्टँडवरच्यासारखी. अशा वेळी लहान आवाजानं कसं वागायचं, याची एक रीत आहे.

पहिली गोष्ट, आधी ऐकायचं. समोरचा कुणाला उत्तर देतोय, कधी थांबतोय, ते कळल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. एखादी जागा शांत वाटली तरी लगेच तिथे हाका मारत बसायचं नाही. 'इथे कुणी आहे का' असं विचारायचं आणि पुन्हा ऐकायचं. आपला प्रश्न कुणाला ऐकू गेला नाही म्हणजे जागा रिकामी आहे, असं होत नाही.

दुसरी, कॉल साइन पूर्ण सांगायची, एकदाच सांगायची. अर्धी सांगितली की समोरच्याला पुन्हा विचारावं लागतं. पुढे 'क्यूआरपी' जोडून आपण लहान असल्याचं सांगत बसू नये. त्यानं त्याचा वेळ जातो आणि ऐकू काही जास्त जात नाही.

तिसरी, त्यानं दुसऱ्या कुणाची अर्धी अक्षरं घेऊन विचारलं, तर गप्प राहायचं. चार-पाच वेळा बोलून पोचत नसू, तर पुढे जायचं आणि नंतर परत यायचं. रविवारी दुपारनंतर गर्दी ओसरते, मोठ्या केंद्रांना नवीन कुणी सापडत नाही. तेव्हा तेच कान देऊन बारीक आवाज शोधतात. एकदा एका जपानी केंद्रानं आमची दोनच अक्षरं ऐकली, बाकी सगळ्यांना थांबायला सांगितलं आणि आमची कॉल साइन पूर्ण होईपर्यंत वाट पाहिली. मोठ्यांचीही रीत असते, ती अशी.

चौथी, त्यानं आपली कॉल साइन चुकीची म्हटली, तर घाईत 'हो' म्हणायचं नाही. तपासणीत चूक त्याच्या नावावर पडते. तो संपर्क जातो, वर दंडाचे गुण कापले जातात.

पाचवी गोष्ट शक्तीच्या बटणाची. ती आम्ही चुकून शिकलो.

या गटात एकटीनंच ऐकायचं, बोलायचं आणि लिहायचं असतं. बाकीच्यांनी चहा द्यायचा आणि गप्प बसायचं. आमच्या पहिल्या वर्षी रविवारी रात्री ब्राझीलचं एक केंद्र लागलं. नवा देश म्हणजे गुण वाढणार. अर्धा तास हाका मारल्या, त्याला ऐकूच जाईना. शेवटी बटण पाच वॅटवरून पन्नासवर गेलं आणि पहिल्याच हाकेला उत्तर आलं! आम्ही चौघी टाळ्या वाजवून मोकळ्या.

सकाळी नोंदी पाठवायला बसलो आणि प्रश्न पडला. नियम सांगतो की पूर्ण स्पर्धेत पाचच्या वर जायचं नाही. एक म्हणाली, "कोण बघायला आलंय?" खरंच कुणी आलं नव्हतं. दुसरी म्हणाली, "मग तो एक संपर्क वगळू." पण वगळला तर ब्राझीलच्या माणसाच्या वहीत आम्ही, आणि आमच्या वहीत तो नाही. दंड त्याला बसणार. त्यानं तर नीट ऐकून घेतलं होतं. शिवाय नोंद खोडली म्हणून बटण फिरवलेलं मागे फिरत नाही.

आपल्या बचत गटाच्या पंचसूत्रीत दप्तर नीट ठेवायला सांगितलंय. एखादीचा हप्ता राहिला, तर आपण ती ओळ खोडत नाही, राहिला असं लिहितो. आम्ही तेच केलं. संपर्क ठेवला आणि नोंदी १०० वॅटच्या गटात पाठवल्या. तिथे बाकीचे वीस पट शक्तीनं बोललेले, त्यामुळे आमचा नंबर पार खाली गेला. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? त्या वर्षापासून सुरुवातीलाच बटण पाचवर आणून त्यावर चिकटपट्टी लावतो.

हे सगळं खेळापुरतं नाही. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद आपल्या सहकाऱ्यांसह हौशी रेडिओसाठी पोर्ट ब्लेअरला गेल्या होत्या. २६ तारखेला त्सुनामी आली आणि त्यांच्याच केंद्रावरून अंदमानातले निरोप जाऊ लागले. अशा वेळी वीज गेलेली असते, बॅटरी पुरवून वापरायची असते. मोठ्यानं बोलता येत नाही तेव्हा नीट ऐकणं, अचूक लिहिणं आणि दुसऱ्याची पाळी न मोडणं, एवढंच हाती राहतं. त्याचा सराव आम्ही दिवाळीच्या सुमारास करतो.

तर ताई, आम्ही त्या यंत्रावर बोलतो थोडं, ऐकतो जास्त. येत्या ऑक्टोबरात जरूर या. खुर्ची एकीचीच, पण चहा सगळ्यांना आहे.

नमस्कार.