जोडणी आणि परवाना

संगणकाच्या परिभाषेत ‘लायब्ररी’ म्हणजे ग्रंथालय नव्हे. वारंवार लागणारी कामे करणाऱ्या तयार आज्ञावलींचा तो संग्रह असतो. ग्रंथालयातील पुस्तके वाचून लिहिलेला प्रबंध लेखकाचाच राहतो. येथे मात्र पुस्तकाची पानेच प्रबंधात शिवली जातात. या शिवणीला ‘लिंकिंग’, म्हणजे जोडणी, म्हणतात. मग त्या ग्रंथाची मालकी कोणाची आणि अटी कोणाच्या?

१९९२ साली जर्मनीतील ब्रूनो हाइब्ल यांच्यापुढे हाच प्रश्न उभा राहिला. त्यांच्या ‘सीलिस्प’ या आज्ञावलीला ‘रीडलाइन’ ही लायब्ररी जोडलेली होती, आणि रीडलाइनचा परवाना होता ‘जीपीएल’. जोडून तयार झालेली समग्र कृती दुसऱ्याला देताना तिची मूळ संहिताही त्याच परवान्याखाली द्यावी, अशी त्याची अट. हाइब्ल यांनी रीडलाइनच्या जागी एक नाममात्र लायब्ररी पुरवून खरी जोडणी वापरणाऱ्यावर सोडण्याची तोड सुचविली. परवान्याचे कर्ते रिचर्ड स्टॉलमन यांना ती पळवाट वाटली. अखेर सीलिस्पच जीपीएलखाली आली. हा आग्रह कठोर खरा, पण परवान्याच्या हेतूशी सुसंगत होता.

सर्वच लायब्रऱ्यांना ही कठोरता लावलेली नाही. १९९१ साली सौम्य असा ‘एलजीपीएल’ परवाना निघाला. त्याखालील लायब्ररी खाजगी आज्ञावलीला जोडता येते. मात्र वापरणाऱ्याला लायब्ररीची सुधारलेली आवृत्ती तिच्या जागी बसविता आली पाहिजे.

आज्ञावली चालू होताना, आयत्या वेळी होणाऱ्या जोडणीबद्दल मतभेद आहेत. स्टॉलमन यांची संस्था तीही समग्र कृतीच मानते. अनेक कायदेपंडित मानत नाहीत. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणकाची आज्ञावली साहित्यकृतींत मोडते, परंतु जोडणी ही कसोटी त्यात नाही.

२३ व २४ ऑगस्ट २००६ रोजी बंगळुरूत जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीच्या मसुद्यावर आंतरराष्ट्रीय परिषद भरली. स्टॉलमन तेथे बोलले. दुसऱ्यांसाठी आज्ञावली लिहून देणे हाच ज्या शहरातील असंख्य तरुणांचा चरितार्थ, तेथे ही चर्चा व्हावी हे उचितच. जीपीएलची अट घरच्या वापराला लागत नाही, कृती दुसऱ्याच्या हाती दिली की लागते. आणि बंगळुरूचे काम तर हाती देण्याचेच. २९ जून २००७ रोजी प्रसिद्ध झालेल्या तिसऱ्या आवृत्तीने एक मोकळीक स्पष्ट केली: केवळ आपल्यासाठी फेरफार करून घेण्याकरिता ग्राहकाने आपली संहिता बाहेरच्या कारागिराकडे सोपविली, तर तेवढ्याने ती खुली करावी लागत नाही. तीच आज्ञावली ग्राहकाने पुढे विकली, की खरेदीदार मूळ संहिता मागू शकतो.