जन्मतः दुखावलेला हात आणि घरचा व्यायाम
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आज गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार झाला. आम्हांस मात्र बोलावयाचे आहे ते ज्यांनी अद्याप शाळेचे तोंडही पाहिलेले नाही, अशा तान्ह्या बालकांविषयी. आम्ही काही वैद्य नव्हे. आमचे आयुष्य मुलांना शिकविण्यात गेले. परंतु कवायतीच्या वेळी ज्यांचा एक हात खांद्याच्या वर जात नसे, अशी मुले आम्ही वर्गात पाहिली. विचारले असता "जन्मापासूनचे आहे" एवढेच उत्तर मिळे. जन्मापासूनचे म्हणजे उपाय नसलेले, ही समजूत खरी नव्हे, हे सांगण्यासाठीच आम्ही येथे उभे आहोत.

प्रसूतीच्या वेळी बाळाचे डोके बाहेर आल्यावर कधी कधी त्याचा खांदा अडकून पडतो. मान एका बाजूस ताणली जाते आणि मानेतून हाताकडे जाणाऱ्या मज्जातंतूंच्या जाळ्यास इजा पोहोचते. हजार जन्मांमागे साधारणतः एकदोन बालकांत असे घडते. बाळ मोठे असले किंवा मातेस मधुमेह असला तर संभव वाढतो. परंतु कोणतेही कारण आधी दिसत नसता, कुशल हातांतही हे घडू शकते. ग्रहणात सुरी हाती धरल्याने किंवा सुनेच्या पायगुणाने मज्जातंतू दुखावत नाहीत. यास्तव मातेस बोल लावणे हा निव्वळ अन्याय होय.

अशा बाळाचा हात अंगालगत पडून राहतो, कोपर सरळ असते, तळवा मागे वळलेला असतो. बाळ दचकले की एकच हात उचलते. घरातील आजीच्या नजरेस हे प्रथम पडते, आणि पडावे.

जर्मनीचा सम्राट दुसरा विल्हेल्म १८५९ साली पायाळू जन्मला आणि त्याचा डावा हात असाच दुखावला. त्यास विजेचे झटके देण्यात आले, दुर्बळ हात कामास लागावा म्हणून चांगला हात बांधून ठेवण्यात आला, नुकत्याच मारलेल्या प्राण्याच्या उबेत दुखरा हात ठेवण्यात आला. राजवैद्यांची वाण नव्हती, तरी हात जन्मभर आखूड व अधू राहिला. या व्याधीचे मर्म त्या काळी कळले नव्हते. १८७२ मध्ये द्युशेन यांनी आणि १८७४ मध्ये अर्ब यांनी तिचे विवेचन केले. म्हणूनच तिला अर्ब्ज पाल्सी असे नाव पडले. जे ज्ञान त्या राजवाड्यात नव्हते, ते आज आपल्या जिल्हा रुग्णालयात मिळू शकते.

आता व्यायामाने काय साधते ते पाहू. तुटलेला मज्जातंतू व्यायामाने जोडला जात नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. मज्जातंतू आपल्या गतीने, दिवसाला सुमारे एक मिलिमीटर वाढतो. त्यास महिने लागतात. त्या अवधीत जे स्नायू शाबूत असतात ते हातास आत ओढत राहतात, सांधा आखडतो आणि वाढत्या वयात खांद्याचे हाडही वाकडे होते. मग मज्जातंतू जागा झाला तरी हात हलावयास वाट राहत नाही. ही वाट मोकळी ठेवणे, हेच घरच्या व्यायामाचे कार्य होय.

आरंभीचे काही दिवस हातास विश्रांती द्यावी लागते. हाड मोडलेले नाही याची खात्री डॉक्टरांनी केल्यावर फिजिओथेरपिस्ट व्यायाम शिकवितात. दंड अंगालगत धरून, कोपर काटकोनात वाकवून पुढचा हात हळूच बाहेर वळविणे. पाठीवरील खांद्याचे हाड तळव्याने स्थिर धरून हात कानापर्यंत उचलणे. कोपर वाकविणे व सरळ करणे. तळवा वर वळविणे. मनगट व बोटे उघडणे. दुपटे बदलताना दर वेळी थोडेथोडे केले की निराळा वेळ काढावा लागत नाही. झटका द्यावयाचा नाही. बाळ कळवळले तर थांबावयाचे. झबले घालताना दुखरा हात आधी, काढताना शेवटी. बाळाला हात धरून किंवा काखेत धरून उचलू नये. या हाताला संवेदना कमी असू शकते, म्हणून शेकशेगडी दूरच बरी.

येथे आपल्या घरांतील दोन गोष्टींचा विचार केला पाहिजे. न्हाऊ घालणारी बाई मायेनेच बाळाचे हात आलटूनपालटून ओढते. दुखऱ्या हाताला ते अपायकारक आहे, हे तिला पहिल्याच दिवशी सांगावे. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. पहिले बाळंतपण माहेरी होते. सव्वा महिना बाहेर पडावयाचे नाही, पुढे तिसऱ्या महिन्याच्या सुमारास सासरी पाठवणी. नेमक्या याच तिसऱ्या महिन्यात डॉक्टरांना पाहावयाचे असते, की बाळ कोपर स्वतः वाकविते की नाही. वाकवीत असेल तर आशा मोठी. वाकवीत नसेल तर तज्ज्ञ शल्यचिकित्सकाचा सल्ला लांबणीवर टाकता येत नाही. उष्टावणाची वाट पाहत बसू नये. बोटेही लुळी असली किंवा त्या बाजूची पापणी खाली आलेली असली तर त्याहूनही लवकर जावे. घर बदलले, कागद माहेरी राहिले, सासूबाईंना व्यायाम ठाऊक नाही, लोक काय म्हणतील म्हणून बाळ झाकून ठेवले, एवढ्यावरून वेळ निघून जाते.

बहुसंख्य बालकांचा हात पुष्कळ सुधारतो. काहींमध्ये उणीव राहते, त्यांनी व्यायाम सोडू नये. मोठ्या मुलास दुखऱ्या हाताने फळा पुसावयास द्यावे, पोळी लाटावयास द्यावी, पोहावयास न्यावे. कीव करू नये, कामातून वगळू नये.

२०१३ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जिल्हा पातळीवर बालकांसाठी शीघ्र हस्तक्षेप केंद्रे उभारली गेली आहेत. मुंबईत हाजीअली येथे १९५५ साली स्थापन झालेली अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे.

मंडळाने एवढे करावे अशी आमची विनंती आहे: अशा बालकाच्या मातेबरोबर रुग्णालयात जाण्यास महिला शाखेने एक भगिनी नेमून द्यावी, आणि प्रवासखर्चाचा भार साहाय्यनिधीतून उचलावा. माहेर व सासर या दोन्ही घरांतील वडीलधाऱ्यांनी व्यायाम शिकून घ्यावा. बापानेही शिकावा, कारण बाळ त्याचेही आहे.