बाटलीतला समुद्र

श्रोतेहो, मे महिना आणि सोलापूर ही दोन नावं एका दमात घेतली, की ऐकणाऱ्याच्या कपाळावर घाम येतो. पारा चाळिशीच्या वर ठाण मांडून बसलेला असतो. दुपारी रस्ते ओस पडतात. संध्याकाळी गच्चीवर पाणी शिंपडायचं, तापलेल्या फरशीचा वास घ्यायचा आणि मध्यरात्रीनंतर कधीतरी येणाऱ्या वाऱ्याची वाट बघत पडून राहायचं. अशा गावातल्या माणसानं समुद्राविषयी बोलावं, ही तशी थट्टाच. रत्नागिरीचा समुद्र आमच्यापासून पावणेचारशे किलोमीटर. आमचा रोजचा समुद्र म्हणजे सिद्धेश्वराचा तलाव. किल्ल्याच्या बाजूनं संध्याकाळी तिथं येऊन बसलं, की समुद्रकिनाऱ्याची हौस भागली असं समजायचं.

तरीही आज मी एका मे महिन्याविषयी आणि त्या महिन्यात पाहिलेल्या समुद्राविषयीच सांगणार आहे. साल १९९०. ईद नुकतीच झाली होती. रोजे ठेवूनच आम्ही काहीजणांनी बी.ए.चे पेपर दिले होते. सोलापूरला तेव्हा स्वतःचं विद्यापीठ नव्हतं, ते आलं २००४ मध्ये. आमचे पेपर कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात जायचे आणि निकाल लागायला जून उजाडायचा. म्हणजे पूर्ण मे महिना मोकळा. खिशात पैसे नाहीत आणि डोक्यावर अभ्यासाचं ओझंही नाही, असा महिना आयुष्यात एकदाच येतो.

आम्ही चौघे होतो. मित्रांची नावं घेत नाही. रेडिओवर आपलं नाव ऐकलं तर ते भांडायला येतील. घरच्या धंद्यावरून आम्ही एकमेकांना जी नावं ठेवली होती, तीच वापरतो. एक मागवाला. पूर्व भागातला, घरात यंत्रमाग, आई-वडील तेलुगू बोलणारे. दुसरा दुकानवाला. घरी किराण्याचं दुकान, घरची भाषा कन्नड. तिसरा मिलवाला. वडील गिरणीत साचेखात्यात, घरात मराठी. आणि चौथा मी. अब्बा शिलाईकाम करायचे, म्हणून मी मशीनवाला. आमच्या घरात दख्खनी. आता बघा, चार घरांत चार भाषा. चौघे एकत्र आलो की उरायची ती मराठी. तीही पुस्तकातली नव्हे. "काय करायलास बे?", "चल की बे" अशी खास सोलापुरी.

त्या वर्षी माझ्या मनात मात्र एक काटा सलत होता. मी मराठीत कविता लिहायला लागलो होतो. एका कार्यक्रमात कविता वाचली, तेव्हा एक ज्येष्ठ गृहस्थ माझ्या पाठीवर हात ठेवून प्रेमानं म्हणाले, "तुमचं मराठी फार छान आहे हो." मागवाल्याला किंवा दुकानवाल्याला असं कुणी कधी म्हटलं नव्हतं. त्यांच्या घरीही मराठी नव्हतीच की! इकडे घरात एक नातेवाईक म्हणायचे, "आपली जबान सोडून दुसऱ्याच्या भाषेत कशाला लिहितोस?" त्याच वर्षी मार्चमध्ये आमच्या सोलापुरात पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं होतं. मी तिथं पाणी वाटणारा स्वयंसेवक होतो. मांडवात बसलेली ती सगळी लिहिती माणसं बघून छाती भरून आली होती. पण घरी आल्यावर वही उघडली, की पुन्हा तोच प्रश्न. ही भाषा माझी, की मी तिच्या घरी आलेला पाहुणा? वही बंद करून ठेवावी, असं मी जवळजवळ ठरवलं होतं.

तर तो मे महिना. आम्ही एक नियम केला. प्रत्येकानं एक ठिकाण सांगायचं आणि बाकीच्यांनी कुरकुर न करता यायचं.

पहिली पाळी मागवाल्याची. तो आम्हाला सायकलवरून हिप्परग्याच्या तलावावर घेऊन गेला. हा एकरुखचा तलाव इंग्रजांच्या काळातला, १८७१ मध्ये पूर्ण झालेला. पहाटे निघालो, ऊन चढायच्या आत पोहोचलो. पाणी खूप आत गेलं होतं. काठाच्या भेगाळलेल्या चिखलावर बसून आम्ही कडक भाकरी आणि शेंगाचटणी खाल्ली. मागवाला म्हणाला, "आमच्या घरात चोवीस तास माग चालतो बे. इथं आलं की कान उघडतात."

दुसरी पाळी दुकानवाल्याची. त्यानं हत्तरसंग-कुडल सांगितलं. सोलापूरपासून चाळीसेक किलोमीटर, जिथं भीमेला सीना मिळते. गुडघाभर पाण्यात आम्ही दुपारभर डुंबलो आणि संगमेश्वराच्या देवळाच्या सावलीत आडवे झालो. आम्ही ज्या देवळात घोरत होतो, त्याच्या तुळईवर शके ९४०चा, म्हणजे इसवी सन १०१८चा, मराठी शिलालेख आहे, याचा आम्हाला पत्ताही नव्हता. मराठीतल्या कालोल्लेख असलेल्या सर्वांत जुन्या शिलालेखांत तो गणला जातो. सोलापूरचे शिलालेख-अभ्यासक आनंद कुंभार यांनी तो उजेडात आणला. जो वाचील तो विजयी होईल, अशा अर्थाचं त्यात म्हटलं आहे. मला हे कळलं तेव्हा हसू आलं. वाचणारा कोणत्या घरातला असावा, याची अट त्या लिहिणाऱ्यानं घातलेली नाही.

तिसरी पाळी माझी. मी नळदुर्ग सांगितलं. हैदराबाद रस्त्यावर, आजच्या धाराशिव जिल्ह्यात. किल्ल्यात बोरी नदीवर बांध घातलाय आणि त्या बांधाच्या पोटात पाणीमहाल आहे. पावसाळ्यात बांधावरून नर आणि मादी असे दोन धबधबे कोसळतात. मे महिन्यात दोघंही कोरडे. पण आतल्या खोल्यांतला गारवा असा, की बाहेर यावंसं वाटेना. हे बांधकाम सतराव्या शतकाच्या सुरुवातीचं, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातलं. या राजानं दख्खनीत 'किताब-ए-नवरस' रचलं आणि त्यात सरस्वतीचं आणि गणपतीचंही स्तवन केलं, हे मला पुढे कळलं. त्या दिवशी मी एवढंच सांगितलं होतं, की माझी आई जी बोलते ती या राजाचीही भाषा होती. दुकानवाला म्हणाला, "मग तुझी मजा आहे की बे. दोन पंगतींत जेवतोस."

चौथी पाळी मिलवाल्याची. तो बराच वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, "समुद्र."

आम्ही त्याला वेड्यात काढलं. पण कारण कळल्यावर कुणी हसलं नाही. त्याचे वडील, आम्ही त्यांना मामा म्हणायचो, विसाव्या वर्षी गिरणीत लागले. भोंगा वाजला की उठायचं आणि भोंगा वाजला की परतायचं. सोलापुरात पहिली कापड गिरणी १८७७ मध्ये सुरू झाली, तेव्हापासून हे गाव भोंग्यावर जगलं. मामांनी आयुष्यात समुद्र पाहिला नव्हता. त्यांची एकच फर्माईश होती. "कुणी गेलात तर बाटलीभर पाणी आणा. चव बघायची आहे."

चौघांनी मिळून सहाशे रुपये जमवले. मी अब्बांच्या हाताखाली काजं-बटणं केली, मागवाल्यानं टॉवेलांच्या घड्या घातल्या. रमजानातली रूह अफजाची रिकामी बाटली आमच्या घरात होती, ती मी धुऊन घेतली. निघताना अम्मीनं दारातून बजावलं, "दर्या देखने जारा, पानी में नको उतर."

हा 'नको' जरा लक्षात ठेवा, श्रोतेहो.

कोकण रेल्वे तेव्हा नव्हती. रात्रीच्या एसटीनं निघालो. मंगळवेढा, सांगोला, मिरज. कोल्हापूर आलं तेव्हा दुकानवाल्यानं अंधारात हात जोडले. "आपले पेपर याच गावात तपासायलेत बे. नमस्कार करा." आंबा घाटात वळणावळणावर मागवाल्याच्या पोटात ढवळत होतं. उजाडता उजाडता खिडकीतून दमट वारा आत आला. कोरड्या मुलखात वाढलेल्या आम्हा चौघांच्या अंगाला तो वारा चिकटला आणि आम्ही एकमेकांकडे बघतच राहिलो.

मांडवीच्या काळ्या वाळूवर पोहोचलो तेव्हा सकाळचे आठ वाजले असतील. पावसाळा जवळ आला होता आणि समुद्र खवळायला लागला होता. मिलवाला चपला हातात घेऊन नुसता उभा. बऱ्याच वेळानं म्हणाला, "साचेखात्यासारखा आवाज आहे की." लहानपणी तो वडिलांचा डबा द्यायला गिरणीच्या फाटकापर्यंत जायचा, तो आवाज त्याच्या कानात होता. मागवाला म्हणाला, "फरक एवढाच, हा कधी बंद पडणार नाही."

पाण्यात नको उतर, हे अम्मीचं सांगणं मी मोडलं. कपड्यांनिशी.

दुसऱ्या दिवशी आम्ही मिरकरवाड्याकडे होड्या बघायला गेलो. ऊन सोलापूरइतकं नव्हतं, पण घाम असा, की सदरे पिळावेत. एका घराच्या पडवीत एक म्हाताऱ्या बाई सुकी मासळी निवडत बसल्या होत्या. डोक्यावरचा पदर घेण्याची रीत आणि भिंतीवरची मक्केची तसबीर बघून मी पुढे झालो. म्हटलं, आपलंच घर आहे, आपणच बोलावं. सलाम केला आणि आमच्या दख्खनीत पाणी मागितलं.

त्यांनी सलामाला उत्तर दिलं आणि मग जे बोलल्या ते मला नीट कळेना. मी पुन्हा दख्खनीत सांगितलं. त्या हसायला लागल्या आणि पुन्हा त्यांच्या बोलीत काहीतरी म्हणाल्या. शेवटी मिलवाला पुढे आला. गावाकडची मराठी ऐकत वाढलेला तो! त्याला त्यांचं बरंचसं उमगलं. म्हणाला, "आजी म्हणतात, तुझी भाषा त्यांना येत नाही. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या हीच बोली. साधं आपल्यासारखं बोल म्हणतात."

साधं आपल्यासारखं, म्हणजे मराठीत.

म्हणजे बघा, एका मुसलमान आजीला एका मुसलमान मुलाचं बोलणं मिलवाल्यानं समजावून सांगितलं. मागवाला आणि दुकानवाला पडवीच्या पायरीवर बसून पोट धरून हसत होते. "बघ बे, आता तूच परका!" मीही हसलो. पण आत काहीतरी सैल झालं होतं. चिपळूणजवळच्या मिरजोळीचे हमीद दलवाई मराठीत लिहीत होते, आमच्याच जिल्ह्यातल्या बार्शीचे शाहीर अमर शेख मराठीत गात होते, हे मला वाचून माहीत होतं. पण वाचलेलं वेगळं आणि पडवीत बसून ऐकलेलं वेगळं. या आजींना कुणी कधी "तुमची बोली छान आहे हो" असं म्हटलं असतं, तर त्यांना त्याचा अर्थच कळला नसता.

आजींनी पाणी दिलं, वर फणसाचे गरे दिले. निघताना मी खिशात हात घातला. त्यांनी माझा हात धरला आणि एकच शब्द म्हणाल्या, "नको."

तोच शब्द. अम्मीचा. दख्खनीनं तो मराठीकडून कधीकाळी घेतला आणि घरातलाच करून टाकला. सोलापूरच्या दारात अम्मी तो म्हणाली आणि मिरकरवाड्याच्या पडवीत या आजी. मी आयुष्यभर जी भाषा बाहेरून आणली असं समजत होतो, ती माझ्या आईच्या तोंडात आधीपासून होती. घरात असताना मला ती ऐकू आली नव्हती.

परत आल्यावर आम्ही चौघे मामांकडे गेलो. मामांनी बाटली दिव्याजवळ धरली. "निळं नाही की रे." मग झाकणात थोडं ओतून जिभेला लावलं. डोळे मिटले. म्हणाले, "हे तर घामासारखं लागतंय. हे आमच्या खात्यात बी होतं की." आणि असे हसले, की मामी आतून बघायला आल्या.

जूनमध्ये निकाल लागला, चौघेही पास. पुढच्या काही वर्षांत सोलापूरच्या मोठ्या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. मामांचीही. मिलवाला नोकरीसाठी पुण्याला गेला. मागवाला अजून टॉवेल काढतो, दुकानवाल्याचं दुकान आता मुलगा बघतो. मी वही बंद केली नाही. मामांना समुद्रावर न्यायचं आम्ही दर मे महिन्यात ठरवत राहिलो आणि दर मे महिन्यात काहीतरी आडवं आलं. २००३ मध्ये मामा गेले. चाळीतली खोली रिकामी करताना मिलवाल्याला फळीवर ती बाटली सापडली. पाणी उडून गेलं होतं. तळाशी मिठाचा पांढरा थर तेवढा राहिला होता. ती बाटली आज माझ्या पुस्तकांच्या कपाटात आहे.

अजूनही कार्यक्रमानंतर कुणीतरी भेटतं आणि कौतुकानं विचारतं, "इतकं चांगलं मराठी कुठं शिकलात?" पूर्वी राग यायचा, आता येत नाही. मी सांगतो, तीन मित्रांबरोबर शिकलो, हिप्परग्याला, कुडलला, नळदुर्गला आणि रात्रीच्या एसटीत. त्या तिघांनी माझ्या मराठीचं कौतुक कधीच केलं नाही. चुकलो की हसायचे, इतकंच.

परवा मिलवाल्याचा फोन आला होता. "रस्ता आता झकास झालाय म्हणे. जायचं का बे?" मी म्हटलं, "जाऊ की." या वेळी ठरवलंय, पुढे ढकलायचं नाही. बाटली धुऊन ठेवू का, असं बायकोनं विचारलं.

मी म्हटलं, नको.