पत्र्यावरचा पाऊस



मी नाणे मावळातली. आमच्याकडे जूनमध्ये एकदा झड लागली की गणपतीपर्यंत कपडे चुलीच्या वरच वाळायचे. शेजारी लोणावळ्यात तर वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तो बघायला पुण्या-मुंबईची माणसं येतात, भुशी धरणाच्या पायऱ्यांवर बसून भिजतात. आम्हाला लहानपणी त्यांचं नवल वाटायचं. भिजायला कुणी गाडीभाडं देतं का?

पुढे नोकरीमुळे मी काही वर्षं अमेरिकेत, बॉस्टनजवळ राहिले. पहिल्याच उन्हाळ्यात ऑफिसातल्या मैत्रिणी म्हणाल्या, टँगलवूडला चल. बॉस्टनहून पश्चिमेला गाडीने दोन-सव्वादोन तास. बर्कशायरच्या टेकड्यांत बॉस्टन सिम्फनी ऑर्केस्ट्राचं हे उन्हाळी बिऱ्हाड. वादक मोठ्या छपराखाली, पैसेवाले श्रोतेही छपराखाली, आणि बाकीचे मागच्या हिरवळीवर चादरी पसरून. कुणी मेणबत्त्यासुद्धा लावतं. मी पोळ्या आणि बटाट्याची भाजी नेली होती.

ब्राम्सची सिम्फनी सुरू झाली आणि थेंब आले. मी ताडकन उठले, चादर गुंडाळली, डबा काखेत मारला. मावळातल्या बाईचे हात ते. ढग दिसला की वाळवण उचलायचं. पण उभी राहून बघते तर सगळी हिरवळ बसलेली. छत्र्या उघडल्या, टोप्या कपाळावर ओढल्या गेल्या, बस्स. शेजारच्या आजीबाईंनी आपल्या प्लॅस्टिकच्या कागदाचं एक टोक माझ्याकडे सरकवलं. मी खाली बसले.

त्या छपराची हकिगत नंतर कळली. 1937 साली तिथे ही मैफल कापडी तंबूत होत असे. 12 ऑगस्टच्या संध्याकाळी वॅग्नरचं संगीत चालू असताना असं वादळ आलं की वाजवणं थांबवावं लागलं. तेव्हा गर्ट्रूड रॉबिन्सन स्मिथ नावाच्या बाई मंचावर चढल्या आणि पक्क्या इमारतीसाठी तिथल्या तिथे वर्गणी मागायला लागल्या. सारिनेन या नामवंत वास्तुकाराने आराखडा केला, पण एवढ्या पैशांत फार तर एक शेड होईल, असंही कळवलं. मग शेडच बांधली, 1938 मध्ये. पाचेक हजार माणसं बसतात. नाव आजही शेडच. आपल्या गावात देवळापुढे पत्रे टाकायचे म्हटले की वर्गणीची वही निघते ना, तसंच हे.

आणि पत्र्यांवरून आठवला तो श्रावणातला सप्ताह. वरून सरी सुरू झाल्या की बुवांचा अभंग पुढच्या ओळीतल्या म्हाताऱ्यांनाच ऐकू यायचा. आम्हा मागच्यांना टाळ आणि पत्रा, एवढंच. दमट हवेने मृदंगाचं कातडं सैलावायचं, आवाज उतरायचा. पखवाजी बिचारा दर अभंगामागे हातोडी घेऊन बसलेला. पावसातल्या कातड्याची ही गत तिकडेही: 15 ऑगस्ट 1969 च्या रात्री अमेरिकेतल्या वुडस्टॉकच्या उघड्यावरच्या संगीत महोत्सवात रविशंकर पावसात सतार वाजवत होते, तबल्याला अल्लारखाँ. मला ते वाचताना आधी तबल्याच्या शाईचीच काळजी वाटली. आपल्याकडे सवाई गंधर्व महोत्सव उघड्यावर, मांडवात होतो, पण डिसेंबरात. ज्याने ठरवलं त्याला कातडं कळत होतं.

पण त्या हिरवळीवर, छत्रीच्या कापडावर थेंब तडतडत असताना, व्हायोलिन मध्येच बुडायची आणि पुन्हा वर यायची, तेव्हा मला देऊळ आठवलं नाही. भातलावणी आठवली. इंद्रायणीच्या खाचरात गुडघाभर चिखल, पाठीवर इरलं, ओळीने वाकलेल्या आई, चुलत्या, वाडीतल्या बाया. एक सुरुवात करायची, बाकीच्या उचलायच्या. सर जोरात आली की गाणं दिसेनासं व्हायचं. ओसरली की कळायचं, बायांनी सोडलेलं नव्हतंच, दोन कडवी पुढे गेलेलं असायचं. त्या गाण्यांना मी हजर होते, वर्षानुवर्षं. माझं लक्ष मात्र बांध किती लांब राहिला याच्याकडे.

यंदा जुलैत घरी होते. ठरवून खाचराच्या बांधावर गेले, छत्री उघडून दगडावर बसले. आता इरली गेलीत, पाठीवर प्लॅस्टिकचा कागद असतो; त्यावर पाऊस जास्तच वाजतो. वाकलेल्या बायांतल्या एकीने सूर लावला. मी डोळे मिटले.

"बसलीस काय गं तिथं?" आई ओरडली. "रोपाची मूठ फेक इकडं!"