ऑटोमॅटिक थार आणि तलावाची पाळ

लाखनीत घाट कुठला, म्हणाल. पण पावसाळ्यात मामा तलावाच्या पाळीवरून गाडी उतरवून बघा!

मी 'डी'मध्येच उतरलो. गिअरबॉक्सनं आपणहून वरचा गिअर टाकला, मी ब्रेक करकचून दाबला, स्टिअरिंग फिरवलं तरी गाडी सरळच घसरली. खाली बांधीत बाया रोवणी करत होत्या. थोडक्यात वाचल्या.

आता वरच थांबतो. न्यूट्रल, फोर-लो, मग मॅन्युअलवर पहिला गिअर. इंजिनच गाडी अडवतं, ब्रेकवर पाय हलका. मागची बाजू आडवी व्हायला लागली तर ब्रेक सोडून ॲक्सिलरेटर किंचित द्यायचा. हे सवयीनंच जमतं. हिल डिसेंट कंट्रोल? तेही शेवटी ब्रेकच मारतं बरं का. आणि आधी पायी उतरून बघतो, खाली कोण आहे ते.