पिल्लू नर की मादी?



जळगावचा जुना वाडा असो,
की धुळ्याजवळचा लळिंग किल्ला,
पारवा तिथं घुमतोच.

पण नर कोणता, मादी कोणती?
दिसायला दोघं सारखीच.
जास्त घुमतो तो नर, म्हणतात.
पण पिल्लू कुठं घुमतं!

इथं रंग मदतीला येतो.
ढाबळीत निळा-राखी नर ठेवा.
जोडीला तांबूस-राखी मादी.
आता पिल्लं बघा.
तांबूस पिल्लू नर.
निळं पिल्लू मादी.

असं का?
हा रंग झेड गुणसूत्रावर असतो.
नराकडे झेड दोन, मादीकडे एकच.
लेकीला तो बापाकडूनच मिळतो.
म्हणून ती बापासारखी, निळी.
लेकाला आईचाही झेड मिळतो,
आणि तांबूस रंग निळ्यावर मात करतो.

पुन्हा सांगते.
नर निळा, मादी तांबूस.
जोडी उलटी लावलीत,
तर ही खूण चालत नाही.