कीबोर्ड रुसतो तेव्हा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी काही व्याख्यान देणारी बाई नव्हे. सातवीपर्यंत शाळा झाली, पुढे संसार. परंतु आपल्या बचत गटाचे हिशेब मंडळाच्या संगणकावर लिहिण्याचे काम माझ्याकडे आहे, आणि त्या यंत्राचा कीबोर्ड मधूनच मुका होतो. कळा दाबाव्या तर पडद्यावर एक अक्षर उमटत नाही. अशा वेळी काय पाहावे, एवढेच सांगायला उभी आहे.

गेल्या मार्चअखेरीस असेच झाले. कर्जाच्या अर्जासाठी सभासदांची यादी दुसऱ्या दिवशी बँकेत द्यायची होती. एका दुरुस्तीवाल्याला बोलावले. त्याने दोन कळा दाबून पाहिल्या आणि म्हणाला, "काकू, सगळं पुसून नव्यानं भरावं लागंल." पुसायचे म्हणजे काय? तीन वर्षांचे हिशेब! कुणी किती भरले, कुणाची किती फेड राहिली, सगळे त्याच डब्यात. मी म्हटले, आज राहू द्या. भगिनींनो, कीबोर्ड ही बाहेरून जोडलेली पाटी आहे. हिशेब राहतात ते डब्याच्या आत. पाटी बोलेना म्हणून पेटीतले कागद जाळायचे कारण नाही. असे कुणी म्हणाले, तर आधी हिशेबाची नक्कल पेन ड्राइव्हवर काढून घ्या. माऊस चालत असेल तर ते तेवढ्यानेच होते.

आता पाहायचे कसे? पहिल्याने माऊस हलवा. पडद्यावरचा बाणही हलत नसेल, तर बहुधा सगळा संगणकच अडकला आहे. तो बंद करून पुन्हा चालू करावा. बाण हलतो, तर वायर पाहा. झाडताना ती हटकून सैल होते. काढून पुन्हा नीट बसवा, नाहीतर दुसऱ्या भोकात, शक्यतो डब्याच्या मागच्या बाजूच्या, घालून पाहा. जुन्या यंत्राची जांभळ्या रंगाची गोल पिन असेल तर मात्र आधी संगणक बंद करा. तिच्या आतले काटे वाकतात, जोर करू नये. बिनवायरचा कीबोर्ड असेल तर सेल बदला.

मग कॅप्स लॉकची कळ दाबा. तिचा दिवा असेल आणि तो लागतो-विझतो, तर पाटीला वीज मिळते आहे आणि संगणक तिचे ऐकतो आहे. खोड दुसरीकडे शोधायची.

आमचा दिवा मात्र लागेना. वायर बदलली, तरी तेच. शेवटी कळ मी जरा दाबून धरली, मनात म्हटले, बघू तरी. तर क्षणभराने दिवा लागला! दुसरी कळ तशीच धरली, तिचेही अक्षर उमटले. पाटी जिवंत होती, फक्त उशिरा ऐकत होती. उजवीकडची शिफ्ट कळ आठ सेकंद दाबलेली राहिली की 'फिल्टर कीज' नावाची सोय चालू होते. हात थरथरणाऱ्यांसाठी ती केलेली आहे, आणि ती झटकन दाबलेली कळ मोजीत नाही. हिशेबाच्या वह्यांचा गठ्ठा त्या कळेवर टेकला होता, आणि पडद्यावर इंग्रजीत प्रश्न आला तेव्हा कुणीतरी 'यस' म्हटले होते. पुन्हा उजवी शिफ्ट आठ सेकंद धरली, सोय बंद झाली. यादी रात्री नऊला तयार होती. त्या दुरुस्तीवाल्याला काय म्हणावे, ते तुम्हीच ठरवा.

दुसरी गंमत भाषेची. आपण मराठी इन्स्क्रिप्ट पद्धतीने लिहितो. ही कळांची मांडणी १९९१ साली भारतीय मानक ब्युरोने प्रमाण ठरवली. तीत इंग्रजी 'एच' दाबले की 'प' येतो. भाषा मराठीवर राहिली आणि आपण इंग्रजी पासवर्ड लिहू लागलो, तर तो खोटा ठरतो आणि बाई म्हणते, कीबोर्ड बिघडला! पडद्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात भाषेचे नाव असते, ते आधी वाचावे. विंडोजची कळ धरून स्पेस दाबली की भाषा बदलते.

धुळीबद्दल मी तुम्हाला काय सांगावे! उन्हाळ्यात कवठ्यात सकाळी पुसलेल्या टेबलावर दुपारी बोटाने नाव लिहिता येते. त्यात बेदाण्याच्या दिवसांत आपण शेडवरून थेट मंडळात येतो, बोटे चिकट. मग एक-दोन कळाच अडकतात. वायर काढून पाटी उलटी करावी, हलके थापटावे, मऊ ब्रशने झाडावी. चहा सांडला तर तत्काळ वायर काढा, पालथी घालून एक दिवस सावलीत वाळू द्या. साध्या कीबोर्डात कळांखाली प्लॅस्टिकचे पातळ पदर असतात, त्यांवर साखर सुकली की ती कळ बहुधा परत येत नाही.

एवढे करूनही पाटी मुकीच राहिली, तर ती दुसऱ्या संगणकाला लावून पाहावी. तिथेही गप्प, तर खुशाल नवी घ्या, साधी चार-पाचशेत मिळते. काम अगदी अडले असेल, तर पडद्यावरच कीबोर्ड उघडता येतो आणि माऊसने एकेक अक्षर टिपता येते. वेळखाऊ आहे, पण चार नावे होतात.

मंडळाच्या कपाटात एक जुना, चालता कीबोर्ड फडक्यात गुंडाळून ठेवला आहे. किल्ली चिटणीसबाईंकडे मिळेल.